डबा शत्रूच्या हाती पडणारच

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या एका शिवारात एक लांब नळकांडं येऊन पडलं. त्याचे फोटो देशभर फिरले. १२ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत अशा अवशेषांची छायाचित्रं दाखवली. क्षेपणास्त्र चिनी बनावटीचं होतं, पीएल-१५. पाकिस्तानने सोडलेलं आणि लक्ष्य चुकलेलं. चीनचं गुपित आयतं हाती लागलं म्हणून आपल्याकडे आनंद झाला. मलाही झाला.

पण ते फोटो पाहताना मला ९ मार्च २०२२ ची संध्याकाळ आठवत होती. त्या दिवशी आपलं ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि सीमेपलीकडे शंभरहून अधिक किलोमीटर आत, मियां चन्नूजवळ जाऊन आदळलं. त्यात स्फोटकं नव्हती आणि कोणी दगावलं नाही, हे नशीब. चौकशी झाली, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं, आणि आपल्याकडची चर्चा तिथेच थांबली. त्या ढिगाऱ्याचं पुढे काय झालं असेल, यावर आपण फार बोललो नाही. जे आपण होशियारपूरला केलं तेच त्यांनी मियां चन्नूला केलं असणार. तुकडे गोळा केले असतील, पोत्यांत भरले असतील, आणि त्यातले हिरवे बोर्ड वेगळे काढून कुणाच्या तरी टेबलावर ठेवले असतील.

शस्त्रातलं इलेक्ट्रॉनिक्स कायम गुप्त राहील, हे गृहीत धरूनच आपण संरक्षणाची खरेदी करतो, कायदे करतो आणि माहिती दडपतो. ते गृहीतकच खोटं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. क्षेपणास्त्र हे शत्रूच्या दिशेनेच फेकायचं असतं. ड्रोन त्याच्याच डोक्यावर उडवायचा असतो. ज्या वस्तूचं कामच शत्रूच्या अंगणात जाऊन पडण्याचं, तिच्या पोटातलं गुपित आपल्या तिजोरीत कसं राहील?

मी पुण्यात गेली अनेक वर्षं औद्योगिक यंत्रांच्या कंट्रोलरची दुरुस्ती करतो. लष्कराशी माझा संबंध नाही. पण एक डबा उघडला जाऊ नये म्हणून माणसं काय काय करतात, आणि तो तरीही कसा उघडतो, हे मी हातांनी अनुभवलं आहे. नव्वदच्या दशकात एका कारखान्यातून पॅकिंग मशीनचा परदेशी कंट्रोलर माझ्याकडे आला. पुरवठादाराने नवा घ्या म्हणून सांगितलं होतं आणि किंमत ऐकून मालकाचे डोळे पांढरे झाले होते. डबा उघडला तर बोर्डाचा निम्मा भाग काळ्या रेझिनमध्ये बुजवलेला. हीट गनने रेझिन मऊ करत, दातकोरण्याने आणि जुन्या ब्लेडने मी तो दोन दिवस खरवडत बसलो. खाली मोठी चिप निघाली, पण तिच्यावरचा नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेला. कुणीतरी मुद्दाम बसून प्रत्येक नगावर हे केलं होतं.

मग मी चिपचे पाय मोजले. चाळीस. मल्टिमीटर लावला. विसाव्या पायावर ग्राउंड, चाळिसाव्यावर पाच व्होल्ट, अठरा-एकोणीसवर क्रिस्टल. नंबर वाचायची गरजच उरली नाही, ती ८०५१ नावाची सर्रास वापरातली कंट्रोलर चिप होती. तेव्हा तापकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळायची. एकतिसावा पाय ग्राउंडला जोडलेला दिसला, म्हणजे प्रोग्राम चिपच्या आत नसून शेजारच्या ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये. तो काढून प्रोग्रामरवर चढवला, वाचून घेतला, दुसऱ्या ईप्रॉममध्ये उतरवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन चालू झालं. ज्याने तो नंबर घासला त्याच्याविषयी मनात राग नव्हता, पण त्याच्या कष्टांची कीव आली. त्याने जे झाकलं ते आकारातच लिहिलेलं होतं.

माझ्याकडे एक मल्टिमीटर आणि तीन दिवस होते. एखाद्या देशाकडे चिपचं आवरण आम्लाने उतरवून आतले थर एकेक करून मायक्रोस्कोपखाली पाहणारी प्रयोगशाळा असते, पगारी माणसं असतात आणि वेळच वेळ असतो. आजच्या चिप ८०५१ पेक्षा हजारपट गुंतागुंतीच्या आहेत, हे खरं. पण उघडणाऱ्याची अवजारंही त्याच वेगाने वाढली आहेत.

हा प्रश्न आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्याच्या टोकात मावेल असा एक छोटा रेडिओ बनवला. लक्ष्याजवळून परत येणारी लहर ओळखून गोळा हवेतच फुटावा, अशी ती युक्ती. त्याला प्रॉक्झिमिटी फ्यूज म्हणतात. तोफेतून सुटताना गोळ्याला गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पट झटका बसतो आणि त्या काळात आत काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या तगवणं हेच मोठं काम होतं. जानेवारी १९४३ मध्ये प्रशांत महासागरात हेलेना या युद्धनौकेने या फ्यूजच्या गोळ्यांनी पहिल्यांदा विमान पाडलं. पण वापराची अट कडक होती. शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीवर एकही गोळा डागायचा नाही. न फुटलेला गोळा समुद्रात बुडतो, जमिनीवर सापडतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. ती परवानगी शेवटी डिसेंबर १९४४ मध्ये, आर्देनच्या लढाईच्या वेळी मिळाली.

आणि नेमक्या त्याच महिन्यात तो फ्यूज सोव्हिएत हेरखात्याकडे पोहोचला. युद्धभूमीवरून नव्हे, न्यूयॉर्कमधून. कारखान्यात काम करणाऱ्या ज्युलियस रोझेनबर्गने सुटे भाग जमवून एक अख्खा फ्यूज तयार केला आणि नाताळची भेट म्हणून बांधून एका उपाहारगृहात सोव्हिएत अधिकाऱ्याच्या हवाली केला, असं त्या अधिकाऱ्यानेच पुढे आठवणींत लिहून ठेवलं. समुद्रावरच वापरण्याची दोन वर्षांची शिस्त एका पुडक्यात निघून गेली. तरीही ती शिस्त व्यर्थ होती असं मी म्हणणार नाही. त्या दोन वर्षांत जपानी विमानांपासून किती जहाजं वाचली असतील. गुपिताने वेळ मिळवून दिला आणि त्या वेळाचा उपयोग करून घेतला गेला. गुपिताकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

ब्रिटिशांचा अनुभव याहून बोलका आहे. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला. तांब्याचा तळहाताएवढा ठोकळा, मध्ये एक भोक, सभोवती आणखी भोकं. यातून निघणाऱ्या काही सेंटिमीटरच्या लहरींमुळे रडार विमानात मावू लागलं आणि रात्री ढगांतून खालचं शहर पडद्यावर दिसू लागलं. पण विमान जर्मनीवर गेलं की कधीतरी पडणार, आणि पडलं तर? बाकीचं यंत्र स्फोटकाने उडवून देता येतं. तांब्याच्या ठोकळ्याचं काय करायचं? त्यांनी एका विमानाच्या सांगाड्यात स्फोट करून पाहिला. सांगाड्याला मोठं भगदाड पडलं, मॅग्नेट्रॉन मात्र ओळखता येईल इतपत शिल्लक राहिला. गुपित धातूच्या आकारात होतं आणि तांबं फुटत नव्हतं.

बरेच महिने वाद झाला. शेवटी ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बर्गवर ही रडार पहिल्यांदा नेली. तिसऱ्याच रात्री, २ फेब्रुवारीला, एक स्टर्लिंग विमान रॉटरडॅमजवळ पडलं आणि जर्मनांना तो ठोकळा मिळाला. त्यांनी यंत्राचं नावच ‘रॉटरडॅम’ ठेवलं. त्याच वर्षी या लहरी ऐकणारा नाक्सोस नावाचा रिसीव्हर त्यांनी विमानांत बसवायला सुरुवात केली, म्हणजे जी रडार बॉम्बफेक्यांना वाट दाखवत होती तीच त्यांचा ठावठिकाणा सांगू लागली. हा निर्णय चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. पडेल, सापडेल, कळेल, हे मान्य करूनच तो घेतला गेला होता. गुपित फुटण्याच्या भीतीने ती रडार कोठारात ठेवली असती तर ते गुपितही राहिलं असतं आणि अंधारही.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणापर्यंत येते. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर तैवानच्या सेबर विमानांनी अमेरिकेचं नवंकोरं साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिग-१७ विमानांवर सोडलं. त्यातलं एक मिगमध्ये घुसलं, पण फुटलं नाही. वैमानिक ते अंगात रुतलेलं क्षेपणास्त्र घेऊन तळावर उतरला. चीनने ते सोव्हिएत रशियाला दिलं. साइडवाइंडरची खरी करामत त्याच्या साधेपणात होती. हलणारे भाग मोजकेच. शेपटीच्या पंखांच्या टोकांना दातेरी चकत्या, वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या, आणि त्या फिरण्यानेच क्षेपणास्त्र स्वतःभोवती गिरक्या घ्यायचं थांबायचं. सोव्हिएत अभियंत्यांनी पुढे मान्य केलं की हे क्षेपणास्त्र त्यांच्यासाठी विद्यापीठच ठरलं. त्यातून के-१३ तयार झालं.

तेच के-१३ मिग-२१ बरोबर भारतात आलं, आणि त्या मिग-२१ ची बांधणी पुढे नाशिकजवळ ओझरला होऊ लागली. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी विमानांच्या पंखांखाली अमेरिकन साइडवाइंडर आणि आपल्या मिगखाली त्याचीच सोव्हिएत भावंडं होती. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. ओझरमध्ये तर घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. त्या विमानाच्या पहिल्या क्षेपणास्त्राचा जन्म शत्रूच्या एका न फुटलेल्या डब्यातून झाला, हेही त्या आठवणींत असावं.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. शस्त्रांच्या बाबतीत मूठ उघडायचा अधिकार आपल्याकडे नसतो. मग झाकायचं काय?

याचं उत्तर १८८३ मध्येच मिळालेलं आहे. ऑगस्ट केरखॉफ्स नावाचे भाषेचे एक प्राध्यापक पॅरिसमध्ये राहायचे. लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना त्यांनी एक नियम घालून दिला. संदेश गुप्त करण्याची पद्धत अशी हवी की ती पूर्णच्या पूर्ण शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये; गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. मराठी माणसाला हे समजायला पॅरिसला जायला नको. राजगड दहा कोसांवरून दिसतो. त्याचे बुरूज किती, दरवाजे कुठे, हे स्वारीवर आलेल्या प्रत्येक सरदाराला ठाऊक असायचं. गडाची मजबुती त्याला लपवण्यात नव्हती. ती कड्यात होती, पहाऱ्यात होती आणि संध्याकाळी बंद होणाऱ्या दरवाजाच्या किल्ल्यांत होती. एक माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये म्हणून हवालदार, सबनीस, सरनोबत अशी तीन माणसं महाराजांनी गडावर नेमली. किल्ला दिसणार हे धरूनच सगळी व्यवस्था उभी होती.

यंत्राचा आकार, त्याची चिप, त्याची तरंगलांबी ही किल्ल्याची भिंत. आज सकाळी भरलेला आणि उद्या बदलणारा सांकेतिक अंक ही किल्ली. आपलं विमान आणि शत्रूचं विमान ओळखणाऱ्या यंत्रणेत रोज नवी किल्ली भरतात ती यासाठीच. विमान पडलं तरी त्यातली किल्ली दुसऱ्या दिवशी निरुपयोगी झालेली असते, आणि नीट बनवलेल्या यंत्रात एक बटण दाबलं की ती तिथल्या तिथे पुसलीही जाते.

हे बटण आणि त्याचा सराव नसला की काय होतं ते १ एप्रिल २००१ ला दिसलं. दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेच्या ईपी-३ या टेहळणी विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाली आणि ते जीव वाचवायला चीनच्या हाईनान बेटावर उतरलं. आत चोवीस माणसं आणि अमेरिकेच्या सर्वांत नाजूक उपकरणांचा साठा. उतरण्याआधीच्या थोड्या वेळात त्यांनी कुऱ्हाडीने यंत्रं फोडायचा प्रयत्न केला, डिस्कवर गरम कॉफी ओतली. सारं वाचवणं शक्यच नव्हतं. पुढे जो अहवाल उघड झाला त्यात होतं की या प्रसंगाची रंगीत तालीमच कधी झाली नव्हती. जगातलं सर्वांत श्रीमंत लष्कर, आणि गुपित वाचवायला हाताशी कॉफीचा थर्मास. मला यात त्या माणसांचा दोष दिसत नाही. डबा शत्रूच्या हातात जाईल हे कुणी मनापासून धरलंच नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सची आणखी एक अडचण आहे, आणि ती लाकूड-लोखंडाला नाही. ते बोलतं. विजेचा प्रवाह चालू-बंद झाला की आजूबाजूला लहर उठतेच. दुसऱ्या महायुद्धात बेल कंपनीने अमेरिकी लष्कराला संदेश गुप्त करणारं यंत्र पुरवलं होतं. प्रयोगशाळेत ते चालू असताना एका अभियंत्याच्या लक्षात आलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या ऑसिलोस्कोपवर यंत्राच्या प्रत्येक पावलाला एक टोक उमटतं आहे. लष्कराचा विश्वास बसेना. मग बेलच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या व्हॅरिक रस्त्यावर लष्कराच्या संदेश केंद्रासमोरच्या इमारतीत, साधारण ऐंशी फुटांवर, उपकरणं मांडली. तासभर नुसतं ऐकलं. आणि तीन-चार तासांत पाऊणएक मजकूर साध्या इंग्रजीत लिहून लष्कराच्या हाती दिला. किल्ली चोरली नव्हती, कुणी फितूर नव्हतं. कुलूपच पुटपुटत होतं.

आज रडारची हीच गत आहे. चालू केल्याशिवाय ती दिसत नाही आणि चालू केली की सीमेपलीकडचा रिसीव्हर तिचा आवाज नोंदवून ठेवतो. म्हणून शहाणी लष्करं रडारच्या काही खास चाली फक्त लढाईसाठी राखून ठेवतात, सरावातसुद्धा वापरत नाहीत. यातून निघणारा निष्कर्ष मात्र कडू आहे. खरं गुपित ते, जे अजून वापरलेलं नाही. आणि जे वापरलेलं नाही, ते चालेल याची पुरती खात्री कुणालाच नसते.

युक्रेनच्या युद्धाने तर उरलासुरला भ्रमही घालवला. ऑगस्ट २०२२ मध्ये लंडनच्या रुसी (आरयूएसआय) या संरक्षण अभ्यास संस्थेने युद्धभूमीवर मिळालेली २७ रशियन शस्त्रं आणि लष्करी उपकरणं उघडून पाहिल्याचा अहवाल दिला. आत किमान ४५० प्रकारचे परदेशी सुटे भाग होते, त्यातले बहुतेक अमेरिकी कंपन्यांचे. ओर्लान-१० ड्रोनच्या पोटात कॅननचा कॅमेरा निघाला, तुमच्याआमच्या लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसा. म्हणजे भाग गुप्त नाहीतच. ते कॅटलॉगमधून घेतलेले आहेत. उलट दिशेने पाहिलं तर अमेरिकेचा एक्सकॅलिबर हा जीपीएसवर चालणारा तोफगोळा. तो युक्रेनमध्ये आला तेव्हा दहापैकी सात वेळा लक्ष्य भेदत होता आणि सहा आठवड्यांत रशियाच्या जॅमिंगमुळे, म्हणजे जीपीएसचे संकेत दाबून टाकण्यामुळे, ते प्रमाण सहा टक्क्यांवर आलं, अशी साक्ष २०२३ मध्ये एका तज्ज्ञाने अमेरिकी काँग्रेससमोर दिली. पूर्वी एखादं गुपित दोन वर्षं पुरायचं. आता सहा आठवडे.

सहा आठवडे हा आकडा मनात ठेवून आपल्या देशाकडे पाहावं, आणि इथे माझी काळजी सुरू होते.

ज्या देशात शस्त्र दर दीड महिन्याने बदलावं लागेल, त्या देशाच्या अभियंत्याच्या हातात त्या शस्त्राचं सॉफ्टवेअर हवं. परदेशी डबा विकत घेतला की बहुतेक वेळा सोर्स कोड मिळत नाही. शत्रूने नवी युक्ती काढली की आपण विक्रेत्याला पत्र लिहायचं, त्याने कोटेशन पाठवायचं, मग वाटाघाटी. माझ्या त्या कारखानदाराची अडचण याहून वेगळी नव्हती. फरक इतकाच की त्याचं पॅकिंग थांबलं होतं.

आणि विक्रेता प्रामाणिक असेलच कशावरून? फेब्रुवारी २०२० मध्ये क्रिप्टो एजी या स्विस कंपनीची हकीकत बाहेर आली. ही कंपनी जगभरच्या सरकारांना संदेश गुप्त करणारी यंत्रं विकायची. ग्राहकांत भारतही होता आणि पाकिस्तानही. १९७० मध्ये अमेरिकेच्या सीआयएने आणि पश्चिम जर्मनीच्या हेरखात्याने ती गुपचूप विकत घेतली होती. यंत्रं अशी बनवली जात की त्यांचे संदेश या दोघांना फोडता यावेत. शंभरावर देशांनी आपल्या जामदारखान्याला लावण्यासाठी चोराकडूनच कुलूप विकत घेतलं, पैसे मोजून, आणि वर ‘अतिगोपनीय’चा शिक्का मारून कपाटात ठेवलं. त्या शिक्क्याने कुणाचं रक्षण केलं? कुणी स्वतंत्र माणसाने ते यंत्र उघडून, तपासून पाहू नये, याचंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने लष्करासाठीच्या ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याची बातमी आली. किंमत सुमारे २३० कोटी, कारण आतले चिनी सुटे भाग. निर्णय योग्यच होता. पण करार होईपर्यंत ते कळलं नाही, हे बोचतं. ज्या प्रश्नाचं उत्तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक भिंग देऊ शकतं, तो प्रश्न कागदावरच्या हमीपत्राने सोडवला जातो. आणि नुसता नंबर वाचूनही भागत नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये त्यांच्या संरक्षण पुरवठ्यात बनावट असल्याचा संशय असलेले दहा लाखांहून अधिक भाग शोधले होते. जुन्या भंगार बोर्डांवरच्या चिप काढायच्या, नंबर घासायचा, नवा नंबर छापायचा. मी ज्या पॉलिश पेपरशी झगडलो तोच तिथेही होता, फक्त तिथे त्या चिप लष्करी विमानांच्या पुरवठ्यात शिरल्या होत्या.

आपला गोपनीयतेचा कायदा १९२३ चा, इंग्रजांनी केलेला. माहिती अधिकाराच्या कायद्यात डीआरडीओ दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडल्या तर ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. काही गोष्टी झाकायलाच हव्यात, यावर माझा वाद नाही. किल्ल्या झाका. राखून ठेवलेल्या रडारच्या चाली झाका. कोणती तुकडी कुठे आहे, ते झाका. पण यंत्र चालतं की नाही, आतले भाग कुठले, चाचणीत किती नापास झाले, हे झाकल्याने शत्रूचं काही अडत नाही. त्याच्या टेबलावर डबा आहे. ज्यांनी तो तपासायला हवा, त्या आपल्या माणसांच्या टेबलावर मात्र तो नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की उणिवा जाहीर केल्या तर शत्रू त्याचा फायदा घेईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्यांची मुलं सीमेवर आहेत ते हा प्रश्न पोटतिडकीने विचारतात. त्यांनी आकाश क्षेपणास्त्राचं उदाहरण पाहावं. २०१७ मध्ये कॅगने संसदेत अहवाल मांडला की तपासलेल्या २० आकाश क्षेपणास्त्रांपैकी ६ नापास झाली. आकडा उघड झाला, टीका झाली, पाकिस्ताननेही तो वाचला असेल. त्याने आकाश दुबळं झालं नाही. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर हेच आकाश उभं होतं आणि त्याने चांगलं काम केल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं. कोंबडं झाकून ठेवलं असतं तरी उजाडायचं ते उजाडलंच असतं, फक्त आपण झोपलेलो राहिलो असतो.

दुसरा आक्षेप अभियंत्यांकडून येतो. किल्ली गुप्त ठेवायची तर ती ज्या चिपमध्ये राहते ती चिप तरी आपली हवी. ती कुठे आहे? रास्त प्रश्न. मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १८० नॅनोमीटरवर चिप बनवते. मोबाइलच्या मानाने हे तंत्र फार जुनं. पण किल्ली सांभाळायला मोबाइलचा वेग लागत नाही. लागतो तो भरवसा, की या चिपचा प्रत्येक थर आपल्या माणसांनी आखला आणि आपल्याच छपराखाली भाजला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या जगजाहीर आराखड्यावर उभे आहेत. आराखडा कुणीही वाचू शकतो, आणि म्हणूनच त्यात कुणी चोरवाट ठेवली तर ती सापडू शकते. सी-डॅकचं मुख्यालय आमच्या पुण्यात आहे, पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा आहे, दिघीला आणखी एक प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, आणि अवतीभवती डझनावारी इंजिनीअरिंग कॉलेजं. या कॉलेजांत दरवर्षी हजारो मुलं ट्रॅफिक सिग्नलचा तोच तो प्रोजेक्ट करून पदवी घेतात. त्यातल्या कितीजणांना एखादा अनोळखी बोर्ड समोर ठेवून ‘हा काय करतो ते सांग’ असं कुणी कधी विचारलं असेल?

संरक्षण खरेदीत यंत्राची डोंगरात चाचणी होते, वाळवंटात होते, पावसात होते. त्यात आणखी एक चाचणी घालावी, एवढी माझी मागणी आहे. करारावर सही होण्याआधी ते यंत्र, किल्ली काढून घेऊन, तीस दिवस अशा मुलांच्या टेबलावर ठेवायचं ज्यांचा विक्रेत्याशीही संबंध नाही आणि खरेदी करणाऱ्याशीही नाही. सोबत कुठलाही कागद द्यायचा नाही, कारण शत्रूलाही तो मिळणार नाही. एक हीट गन, एक ऑसिलोस्कोप, एक चांगलं भिंग आणि चहाची सोय. तिसाव्या दिवशी त्यांनी काय शोधलं ते ऐकायला सही करणारा अधिकारी स्वतः हजर हवा.